न दिसणारा पंखा



मी मोहन्याचा. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर शहाड गेले, की आंबिवली येते. तिथे उतरायचे आणि चालत सुटायचे. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला एन. आर. सी.चा रेयॉनचा कारखाना, आणि मध्ये आमचे गाव. कारखाना २००९ मध्ये बंद पडला, पण माझ्या लहानपणी त्याच्या भोंग्यावर गावातली घड्याळे लावली जात. अशा गावातून मी बत्तीस वर्षे जुहूच्या विमानतळावर नोकरीला जात होतो. आंबिवलीहून दादर, दादरहून विलेपार्ले, पुढे बस. नोकरी विमानांची म्हटल्यावर लोक आधी माझ्या कपड्यांकडे बघत. वैमानिकाचा पोशाख कुठे दिसत नसे. मी मेकॅनिक. लहान विमानांची इंजिने उघडायची, पुसायची, पुन्हा जोडायची, आणि संध्याकाळी नखांतले ग्रीस काढत लोकल पकडायची.

आज मला विमान उडते कसे याबद्दल बोलायचे नाही. त्याबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते विमान जमिनीवर उभे असताना त्याच्या आसपास वावरणाऱ्या माणसांबद्दल, आणि त्याच्या नाकावरच्या पंख्याबद्दल. आम्ही त्याला प्रॉपेलरच म्हणत असू, पण आपण आज पंखा म्हणू. घरोघरी छताला तो असतोच, त्यामुळे समजायला सोपे.

छतावरचा पंखा पाचावर ठेवला की त्याची पाती दिसेनाशी होतात. वर नुसती पुसट चकती राहते आणि तिच्यातून छत दिसते. विमानाच्या पंख्याचेही तसेच होते. मी ज्यांवर सर्वांत जास्त काम केले त्या दोन आसनी सेसना विमानाचे उदाहरण घ्या. त्याचा पंखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे पावणेदोन मीटर, म्हणजे माणसाच्या उंचीएवढा. पाती दोन, ॲल्युमिनियमची. विमान उभे आहे, इंजिन अगदी मंद, नुसते घुटमळते आहे, तेव्हाही पंखा मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेतो. दोन पाती आहेत, म्हणजे एकाच जागेवरून मिनिटाला चौदाशे वेळा पाते जाते. सेकंदाला तेवीस वेळा. सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे जातात आणि आपल्याला त्यातले एकही सुटे दिसत नाही. इथेही तोच प्रकार, फक्त पडद्यावरच्या चित्राने कुणाचा हात जात नाही.

आणखी थोडा हिशेब करू. त्या मंद फिरण्यातही पात्याचे टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते. इंजिन पूर्ण जोरात आले की आठशेच्या वर. साधा चालणारा माणूस एका पात्यापासून दुसरे पाते येईपर्यंत पुढे सरकतो जेमतेम सहा सेंटिमीटर, चार बोटे म्हणा. तेव्हा ‘पटकन निघून जाऊ’ हा विचार तिथे चालत नाही. आवाजाने सावध होऊ म्हणावे, तर आवाज सगळीकडूनच येत असतो. इंजिन चालू आहे एवढे कळते. पंखा आपल्यापासून किती पावलांवर आहे ते कान सांगत नाहीत. म्हणून पात्यांची टोके पिवळी, पांढरी किंवा लाल रंगवतात. पंखा फिरला की त्या रंगाचे एक कडे हवेत दिसते. दुपारच्या उन्हात तेवढे तरी दिसते. संध्याकाळी तेही विरघळते.

माझे वडील एन. आर. सी.त होते. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला एकच सूचना केली होती: फिरत्या यंत्राजवळ सैल सदरा घालून जायचे नाही. कारखान्यातल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही, कारण तिथे फिरणारा पट्टा, फिरणारे चाक डोळ्यांना दिसते, त्याला जाळी असते. गावातल्या गिरणीच्या पट्ट्यालाही लोक बिचकून असतात. विमानाच्या पंख्याला जाळी बसवता येत नाही. तो उघडाच राहणार. त्याची जाळी म्हणजे आजूबाजूच्या माणसांच्या सवयी.

त्या सवयी मला ज्यांनी लावल्या त्यांना आम्ही वस्ताद म्हणत असू. जुहूचे विमानतळ १९२८ सालचे. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे उतरले ते याच जुहूला. त्या काळातल्या बहुतेक लहान विमानांना स्टार्टर नसे. पुढे उभे राहून हाताने पंख्याला झटका द्यायचा, की इंजिन धरायचे. आमचे वस्ताद या पद्धतीत तयार झालेले होते. टायगर मॉथ, आणि नंतर हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने बनवलेले पुष्पक, अशी विमाने त्यांनी किती वेळा हाताने सुरू केली असतील याची गणती नाही. मात्र त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेरापर्यंतच होती. ती कशी गेली हे विचारायची आमची हिंमत नव्हती. एकदा त्यांनीच सांगितले. “पात्याला बोटे गुंडाळली होती रे. मिठी मारल्यासारखी.”

हाताने पंखा मारणे ही एक शिस्तीची कवायत होती. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. आत आसनावर जाणता माणूस, ब्रेकवर पाय. बाहेरच्याने ओरडायचे, ‘स्विच ऑफ’. आतल्याने स्विच बघून तेच शब्द परत म्हणायचे. मग पंखा दोन-चार वेळा फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घ्यायचे. मग ‘कॉन्टॅक्ट’. आतूनही ‘कॉन्टॅक्ट’. मग तळवे पात्यावर सपाट ठेवून, बोटे न वळवता, पाते खाली ओढायचे आणि त्याच झोक्यात मागे निघायचे. पुढे झुकून ओढले तर तोल पंख्याकडे जातो. पायाखाली खडी, तेल, ओले गवत नको. वस्ताद आम्हाला हे बंद विमानावर आठवडे-आठवडे करायला लावत. इंजिन सुरू करायचेच नसे, नुसता मागे निघण्याचा सराव. शेजारच्या हँगरमधली पोरे हसत. “तुमचे विमान उडते का नुसते नमस्कार घेते?” असे विचारत.

आता ज्याच्यासाठी मी आज इथे बसलो आहे ती गोष्ट सांगतो. पण त्याआधी मॅग्नेटो म्हणजे काय ते सांगावे लागेल.

ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना आठवत असेल, बॅटरी पार मेलेली असली तरी ती किक मारली की सुरू होई. ठिणगी पाडणारे यंत्र स्वतःची वीज स्वतः बनवते, चाकाच्या फिरण्यातून. विमानाच्या पिस्टन इंजिनाचेही तसेच असते. त्यात अशी दोन यंत्रे, दोन मॅग्नेटो असतात, म्हणजे एक बिघडले तरी दुसऱ्यावर विमान सुखरूप खाली येते. हवेत ही मोठीच सोय, पण जमिनीवर हीच गोष्ट उलटते. कारण मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. पंखा कुणी हाताने फिरवला, तरी इंजिन फिरते, मॅग्नेटो फिरतो आणि ठिणगी पडू शकते. सिलिंडरमध्ये थोडी पेट्रोलची वाफ उरलेली असली, की झाले. एक स्फोट, आणि पंखा अर्धा फेरा स्वतःच्या ताकदीने मारतो.

मग किल्ली कशासाठी? किल्ली ‘बंद’वर नेली, की एका तारेतून मॅग्नेटोची वीज विमानाच्या सांगाड्यात उतरवली जाते, त्यामुळे ठिणगी पडत नाही. नीट ऐका हं, घरातल्या दिव्याच्या हे बरोबर उलट आहे. घरात तार तुटली तर दिवा जातो. इथे तार तुटली तर मॅग्नेटो जिवंत राहतो. किल्ली ‘बंद’ दाखवते, आणि यंत्र चालू असते.

गोष्ट १९८६ च्या पावसाळ्याच्या आधीची. कोणत्या हँगरमधली ते सांगत नाही, कारण चूक हँगरची नव्हती, माझी होती. दुपारची वेळ, जेवणानंतरची. विमान धुवायचे होते. पंखा उभा थांबला होता. आडवा केला तर पुढचा भाग पुसायला सोपा, म्हणून मी पाते धरले. किल्ली काढून मी स्वतःच्या खिशात ठेवली होती. अगदी खात्रीने ठेवली होती, कारण वस्तादांचा तसा दंडकच होता. पाते मी हळूच फिरवायला लागलो. आतून ‘टक्’ असा आवाज आला. मॅग्नेटोला सुरुवातीच्या झटक्यासाठी एक स्प्रिंग असते, ती सुटल्याचा तो आवाज. पुढचे मला आठवते ते असे: एक ठो, आणि छातीसमोरून वारा गेला. पंखा एकदाच फिरून थांबला. मी हात सपाट ठेवले होते आणि उभा बाजूला होतो, एवढेच. माझ्या डाव्या हाताशी एक लाकडी स्टूल होते आणि त्यावर बादली. स्टुलाचा एक पाय हँगरच्या दारापाशी जाऊन पडला. बादलीचे काय झाले ते सांगत नाही, पण ती पुन्हा पाण्याला वापरता आली नाही.

मी खाली बसलो. खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती.

वस्ताद आले. त्यांनी मला काही विचारले नाही. आधी चाकांना ठोकळे लावले, मग इंजिनावरचे झाकण उघडले, आणि डाव्या मॅग्नेटोची ती तार दोन बोटांनी हलवली. वरून धडधाकट दिसत होती. आत, टोकाच्या चिमट्यापाशी, तांब्याचा धागा तुटलेला होता. प्लॅस्टिकच्या आवरणाने तो नुसता धरून ठेवला होता.

आता कबुलीजबाब. आठच दिवसांपूर्वी तो मॅग्नेटो काढून तपासून परत बसवला होता तो मीच. तार थोडी कमी पडत होती म्हणून ओढून बसवली होती. हे फक्त मला माहीत होते. त्या वेळी माझ्या मनात काय आले ते आज सांगायला हरकत नाही. परवान्याची परीक्षा तोंडावर होती, घरी नुकतीच मुलगी झाली होती, आणि मनात आले, वस्तादांना कुठे ठाऊक आहे? तार काय, कुणाच्याही हातून तुटते.

त्यांना ठाऊक होते. नोंदवहीत माझीच सही होती. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “ए मोहने,” – ते मला नावाने कधी हाक मारत नसत – “तुझ्या हाताने लिही. तार ओढून बसवली होती, असं लिही.”

“वस्ताद, माझी परीक्षा जाईल.”

“जाईल. पुढच्या वर्षी येईल.”

मी लिहिले. परीक्षेचे माझे वर्ष खरेच गेले. साहेबांनी ओरडायचे ते ओरडून घेतले, आणि मग आमच्याकडच्या प्रत्येक विमानाची ती तार तपासायला सांगितली. दुसऱ्या एका विमानात अगदी तशीच, धागा-दोन धाग्यांवर टिकलेली तार सापडली. त्या विमानाचा पंखा दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी हाताने फिरवणारच होते. रोजच फिरवत असत. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक उड्डाणानंतर, इंजिन मंद असताना, किल्ली क्षणभर ‘बंद’वर नेऊन बघायचा नेम पडला. इंजिन मरायला लागले तर तार शाबूत. फिरतच राहिले, तर विमान बाजूला, पंख्यावर लाल फडके. आणि इंजिन किल्लीने नव्हे, पेट्रोल तोडून बंद करायचे, म्हणजे आत वाफ उरत नाही. यात नवे काही नव्हते. पुस्तकात होतेच ते. आम्ही कंटाळा करत होतो.

हे झाले आमचे, कामगारांचे. प्रवाशांची गोष्ट वेगळी, आणि मला तिची जास्त काळजी वाटते. प्रवाशाला विमानाजवळ गेल्याचा आनंद झालेला असतो. सेसनासारख्या विमानाचे दार पंखाखाली, आणि पंखा दारापासून पुढे दोन-तीन पावलांवर. (आपल्या भाषेत विंगलाही पंख आणि प्रॉपेलरलाही पंखा, याने शिकाऊ पोरांचा फार गोंधळ व्हायचा.) उतरलेल्या माणसाला वाटते, पुढून वळसा घालून वैमानिकाला हात करावा, आभार मानावेत. ३ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेत डल्लासजवळ असेच झाले. नाताळची रोषणाई आकाशातून बघून तेवीस वर्षांची एक तरुणी खाली उतरली. रात्र होती, पंखा फिरत होता. तिचा डावा हात गेला आणि डावा डोळा गेला. ती जगली, आणि पुढे तिने आपला अनुभव लिहिलाही. माझ्या मते माणूस चढत-उतरत असताना इंजिन बंदच हवे. दोन मिनिटे वाचवायची म्हणून ते चालू ठेवणाऱ्या वैमानिकांशी माझी नेहमी भांडणे झाली. आणि उतरल्यावर तोंड नेहमी शेपटीकडे, पंखाच्या टोकाला वळसा घालून बाहेर.

हेलिकॉप्टरला मात्र हेच उलटे. तिथे शेपटीकडे जायचे नाही. हेलिकॉप्टरच्या शेपटीला एक छोटा उभा पंखा असतो. लहान हेलिकॉप्टरात तो मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेतो, आणि त्याची उंची असते बरोबर माणसाच्या छातीएवढी, डोक्याएवढी. वैमानिकाला मागचे दिसत नाही. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथच्या हेलिपॅडवर त्याचा फटका बसून एक अधिकारी जागीच गेले. दोन दिवसांनी मंदिराचे दरवाजे उघडायचे होते, त्याची तयारी बघायला ते आले होते. उत्तराखंडच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचेच अधिकारी. म्हणजे अनोळखी माणूस नव्हे.

जाणत्यांनाही हे चुकत नाही, याचे दुसरे उदाहरण आपल्या मुंबईतले. १६ डिसेंबर २०१५ ची रात्र. एअर इंडियाचे हैदराबादला निघालेले विमान मागे ढकलून झाले होते, आणि जमिनीवरचा एक तंत्रज्ञ अजून इंजिनाच्या जवळच होता. विमान पुढे निघाले आणि तो इंजिनात ओढला गेला. जेट इंजिनाचा पंखा आवरणाच्या आत असतो, पण तो माणसाला लांबून खेचतो. लहान विमानाचा पंखा ओढत नाही, तो वाट बघतो. विमानतळावर सगळे काम खुणांवर चालते, हाताच्या, दिव्याच्या. समोरचा माणूस दिसत नाही तोवर खूण अपुरी, हे आम्ही तेव्हापासून नव्या पोरांना त्या घटनेचे नाव घेऊन सांगत आलो.

आपल्याकडे हेलिकॉप्टर विमानतळावर कमी आणि शाळा-कॉलेजच्या मैदानावर जास्त उतरते. निवडणूक, उद्घाटन, हल्ली लग्नसुद्धा. निवृत्त झाल्यावर एकदा कल्याण तालुक्यातल्याच एका मैदानावर मी मुद्दाम बघायला गेलो होतो. चुना मारून गोल आखलेला, दोऱ्या बांधलेल्या, पोलीस उभे. हेलिकॉप्टर टेकले, धुरळा उडाला, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांची गांधी टोपी उडाली. टोपी गेली सरळ शेपटीकडे. बाबा दोरीखालून वाकून तिच्यामागे. मी ओरडलो, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. एका तरुण होमगार्डने धावत जाऊन त्यांना कमरेला धरून खाली पाडले. बाबा फार रागावले. चारचौघांत पाडले म्हणून. पंखा त्यांना दिसलाच नव्हता, त्यांना दिसले होते पलीकडचे शेत. त्या होमगार्डला मी नंतर शोधून चहा पाजला. “तुला कुणी शिकवलं?” तर म्हणाला, “कुणी नाही काका, टोपी त्या बाजूला गेली आणि गवत विचित्र हलत होतं.”

तर तुमच्या गावात हेलिकॉप्टर येणार असेल, तर एवढे करा. टोपी, उपरणे, ओढणी आधीच काढून हातात घ्या. उडालेल्या वस्तूमागे जाऊ नका, ती मिळेल नंतर. मुलांना कडेवर घ्या, खांद्यावर मात्र नाही. जवळ जायचेच असेल तर पुढून, वैमानिकाला दिसेल असे, त्याने खूण केल्यावर, वाकून. मैदान उताराचे असेल तर चढाच्या बाजूने कधी जायचे नाही, कारण त्या बाजूला जमीन पात्यांच्या जवळ येते. आणि इंजिन थांबत आले म्हणून सैल होऊ नका. वरचा मोठा पंखा मंदावतो तेव्हा त्याची पाती खाली लवतात, आणि वाऱ्याच्या झुळकीने आणखी खाली येतात.

हल्ली पंखे आणखी लहान होऊन घरात आले आहेत. २०२३ मध्ये ड्रोन दीदी योजना जाहीर झाली आणि फवारणीचे ड्रोन खेड्यापाड्यांत बायकांच्या हातात आले, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. मात्र त्या ड्रोनचे पंखे खेळण्यातले नव्हेत. टाकी भरायची ती पंखे पूर्ण थांबल्यावर आणि बॅटरी काढल्यावर. बांधावर जमलेल्या पोरांना दूर बसवायचे ते आधीच, उडवताना नाही.

गेल्या दिवाळीत आमच्या चाळीतला एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे स्वतः बनवलेला ड्रोन घेऊन आला. चार मोटारी, चार पंखे. टेबलावर ठेवून बॅटरी जोडली आणि लॅपटॉपवर काहीतरी बदलायला बसला. तोंड ड्रोनच्या अगदी जवळ.

मी म्हटले, “अरे, आधी पंखे काढ.”

“आजोबा, रिमोट बंद आहे.”

“कुठे आहे रिमोट?”

“हा काय, माझ्या खिशात.”

मी त्याला बॅटरी काढायला सांगितली आणि हिच्याकडे दोन चहा मागितले. मग त्याला १९८६ ची गोष्ट सांगितली. स्टूल अजून माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या दिवशी मी ते मागून घरी आणले, त्याला चौथा पाय बसवला आहे, जरा आखूड पडला आहे, त्यामुळे ते डुगडुगते. मुलगा त्याच्यावरच बसला होता. गोष्ट संपल्यावर त्याने उठून स्टूल उलटे केले, तो पाय बघितला, आणि माझ्याकडे बारीक स्क्रू-ड्रायव्हर आहे का, असे विचारले.